राजेहो, पीर टीम येऊन राहिली!

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, तपासणीला येणाऱ्या पथकासाठी, 'नॅक पीअर टीम भेट' अशी अक्षरे झळकली, की पहिला घोळ इंग्रजीचा नसतो, देवनागरीचा असतो. प्राध्यापक 'पीअर' म्हणतात, कारकून 'पिअर' लिहितात, छापखान्यातून फ्लेक्स येतो त्यावर 'पियर टीमचे हार्दिक स्वागत' असते, आणि शिपायाच्या तोंडी गेल्यावर त्या शब्दाचा सरळ 'पीर' होतो.

"सर, पीर येऊन राहिले म्हन्ते. कोन्या दर्ग्याचे हो?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या जिल्ह्यात पीर म्हटले की माणसाचे मन समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीवर जाते. तिथे शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलायला जातात. टेकडीवर गोल-गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्राला विचाराल तर ते म्हणेल, ही खनिजांची घडण. गावाला विचाराल तर गाव गोष्ट सांगेल. दोन व्यापारी माल घेऊन चालले होते, त्यांनी फकिराची टवाळी केली, आणि फकिराने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी रडकुंडीला आले, पायावर लोळले. तेव्हा बाबांनी झाडाखालच्या वाळल्या पानांतून नवा माल उभा करून दिला.

ही गोष्ट ठाऊक असलेल्या शिपायाला 'पीर टीम' हे प्रकरण प्राचार्यांपेक्षा आधी कळते. येणार, काय आणले ते विचारणार, कोणी टवाळी केली तर मालाचे दगड करणार. राहिला प्रश्न वाळल्या पानांतून माल उभा करण्याचा. ते काम कॉलेजने सहा महिन्यांपासून स्वतःच हाती घेतलेले असते. मराठीत झाडाच्या पानाला आणि वहीच्या पानाला एकच शब्द आहे, हे फार सोयीचे झाले.

आता मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहू. 'पीअर' हा एका कुडीत तीन जीव असलेला शब्द आहे. पहिला अर्थ बरोबरीचा, समपदस्थ, सवंगडी. दुसरा अर्थ उमराव, सरदार, लॉर्डसाहेब. तिसरा अर्थ डोळे बारीक करून पाहणे, फटीतून डोकावणे, धुक्यातून काही दिसते का ते निरखणे. पहिले दोन अर्थ एकमेकांचे गळे धरणारे वाटतात, पण ते सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये 'पार' म्हणजे समान. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडात गेला. तिथले सरदार आपसात एकमेकांच्या बरोबरीचे, म्हणून ते 'पीअर'. बरोबरीचे कोणाच्या, हे मात्र हळूहळू सगळे विसरले. समानतेच्या शब्दाला गादी, झूल आणि वाडा मिळाला, आणि तो इतरांच्या डोक्यावर जाऊन बसला.

१२१५ सालच्या मॅग्ना कार्टाने ठरवून दिले, की स्वतंत्र माणसाचा न्याय त्याच्या बरोबरीच्यांनी करावा. उमरावांनी ते मनावर घेतले. एखाद्या लॉर्डवर गंभीर गुन्ह्याचा खटला झाला, की तो इतर लॉर्डांपुढेच चालायचा. ही सवलत थेट १९४८ साली बंद झाली. म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावरही काही महिने इंग्लंडातल्या सरदाराला 'आमच्यातल्याच माणसांपुढे मला उभे करा' असे म्हणता येत होते.

याच शब्दाच्या घराण्यातला एक मुलगा रोज मराठी मैदानांवर उभा असतो आणि कोणी त्याला ओळखत नाही. तो म्हणजे अंपायर. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'नंपियर'सारखा काहीसा उच्चारला जाई. अर्थ असा, की जो बरोबरीचा नाही तो, दोघांच्या भांडणातला तिसरा. पुढे लोकांनी बोलता बोलता त्याचा सुरुवातीचा 'न' शेजारच्या शब्दाला चिकटवून टाकला आणि उरला तो अंपायर. वर्ध्याच्या एखाद्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना रंगतो, तेव्हा बॅटिंग करणाऱ्या संघाचाच एखादा पोरगा अंपायर म्हणून उभा राहतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा भ्रष्टाचार आहे. एलबीडब्ल्यू त्या सामन्यात का नसते, याचे उत्तरही लॅटिनमध्येच सापडते.

तिसरा पीअर, तो डोकावणारा, या दोघांच्या रक्ताचा नाही. नावबंधू तेवढा. त्याचे मूळ भाषापंडितांनाही नीट सापडलेले नाही. फटीतून बघणाऱ्याने आपला पत्ता ठेवू नये, हे ठीकच आहे.

समान आणि सरदार एकाच शब्दात कोंबण्याची करामत इंग्रजांनीच केली, असे मात्र कोणी समजू नये. नागपूर-वर्ध्याकडे दोन माणसे चहाच्या टपरीवर भेटली, की पहिले वाक्य काय असते? "काय राजेहो!" उधारी मागणारा म्हणतो, "राजा, किती दिस झाले." उधारी बुडवणारा म्हणतो, "राजेहो, कापूस तं विकू द्या." दोघेही राजे. राज्य कोणाचेच नाही, प्रजा तर नाहीच नाही. पुण्यात 'अहो' आणि 'अरे' यांच्यामध्ये जे अंतर राखले जाते, ते इथे एका 'राजेहो'ने बुजवले जाते. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी दोन दिवस आर्वी नाक्यावर काढले असते, तर 'पीअर' या नोंदीखाली त्यांना आणखी एक उदाहरण मिळाले असते.

आणि खरे पीअरही वर्ध्याला येऊन गेले आहेत. १९३८ च्या जानेवारीत लॉर्ड लोथियन सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींकडे पाहुणे म्हणून आले आणि तीन दिवस राहिले. हे साधेसुधे लॉर्ड नव्हते, अकरावे मार्क्वेस होते. इंग्लंडच्या उमरावशाहीत ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशी पाच पायऱ्यांची उतरंड असते. मार्क्वेस त्यात वरून दुसरा. भारतात मतदानाचा हक्क किती जणांना द्यावा हे ठरवणाऱ्या १९३२ च्या समितीचे हेच अध्यक्ष. ज्यांनी 'कोण बरोबरीचा आणि कोण नाही' याचा हिशेब मांडला होता, ते आता शेणाने सारवलेल्या जमिनीच्या आश्रमात उतरले होते. गांधीजींना पाहुण्याच्या पदवीचे अप्रूप नव्हते आणि पाहुण्याला मातीच्या घराचे वावडे नव्हते. दोन्ही बाजूंनी 'राजेहो' असाच व्यवहार होता, फक्त इंग्रजीत.

आश्रमात आणखी एका मार्क्वेसची आठवण आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावे म्हणून तिथे टेलिफोन बसवून घेतला होता. तो आजही पाहायला मिळतो. जवळच साप पकडायचा लाकडी चिमटाही ठेवलेला आहे, न मारता पकडून दूर सोडण्यासाठी. सहलीला आलेली शाळकरी पोरे टेलिफोनकडे एक नजर टाकतात आणि चिमट्याकडे दहा मिनिटे डोळे फाडून बघतात. उमराव आणि बघणे यांत मुलांनी कोणत्या अर्थाची बाजू घेतली, ते उघड आहे.

शब्दांच्या सारखेपणाचा ताप तर या गावाने स्वतः भोगला आहे. गांधीजी १९३६ साली राहायला आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव. एका कान्यामात्रेचाही फरक नाही, फरक काय तो 'स' आणि 'श'चा, आणि इंग्रजी पत्त्यावर तोही पुसट. महात्म्याची पत्रे महाराजांच्या गावी जाऊ लागली. अखेर १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. 'पीअर'चे असे काही करता आले असते, तर पुढचा लेखच लिहावा लागला नसता.

नावाचा असाच एक चकवा लॉर्ड सिन्हांच्या बाबतीत होतो. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे १९१९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसलेले पहिले भारतीय. त्यांची पदवी 'रायपूरचे बॅरन सिन्हा'. वैदर्भी माणसाला रायपूर म्हटले की हावडा मेलच्या वाटेवरचे, एके काळी आपल्याच मध्य प्रांतात असलेले रायपूर आठवते आणि छाती एक इंच फुगते. हे रायपूर बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले. छाती पूर्ववत करावी.

आता पुन्हा कॉलेजात येऊ, कारण पाहुण्यांची गाडी बायपासला लागली आहे.

नॅक ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली उभी केलेली संस्था, मुख्यालय बेंगळुरूला. महाविद्यालयाने आधी स्वतःचा अभ्यास-अहवाल पाठवायचा, सात निकषांवर पुरावे द्यायचे, मग दुसऱ्या विद्यापीठांतले जाणकार येऊन पाहणार आणि चारपैकी गुण पडणार, अशी रीत होती. ३.५१ च्या वर गेले तर ए प्लस प्लस, दीडच्या वर सरकता आले नाही तर मान्यताच नाही. २०२४ साली नॅकने ही श्रेणींची शिडी मोडून 'मान्यता मिळाली की नाही' एवढाच निकाल देण्याचे जाहीर केले. पण एका दशांशासाठी रात्री जागवलेली प्राध्यापकांची पिढी अजून स्वप्नात निकष क्रमांक तीन पाहते, आणि ही भेटही त्या शिडीच्या काळातलीच.

टीमच्या नावात 'पीअर' आहे ते पहिल्या अर्थाने. शिक्षकांची तपासणी शिक्षकांनीच करावी, वरून साहेब नको, बरोबरीचे यावेत, असा स्वच्छ हेतू. कल्पना सुंदर आहे आणि ती फाटकापर्यंत टिकते. फाटकात एनसीसीची मुले सलामीला उभी असतात. लेझीम सुरू होते. औक्षणाच्या ताटातली ज्योत वाऱ्याने विझते, ती पुन्हा लावेपर्यंत टीमचे अध्यक्ष गाडीच्या दारात एक पाय बाहेर ठेवून थांबतात. मग फेटा, शाल, श्रीफळ. बडेजाव नको, भेटवस्तू नकोत, असे नॅकच्या सूचनांत बजावलेले असते. कॉलेजने त्या सूचनांची प्रत काढून, लॅमिनेट करून, फायलीत लावलेली असते. अशा रीतीने साडेदहा वाजता उतरलेले बरोबरीचे लोक दहा पस्तीसला उमराव होतात. इंग्लंडला या प्रवासासाठी काही शतके लागली.

मग सुरू होतो तिसरा अर्थ. टीम बघू लागते. ग्रंथालयात बघते, प्रयोगशाळेत बघते, मुलींच्या खोलीचे कुलूप उघडून बघते. दिव्यांगांसाठीचा रॅम्प बघते, ज्याचे सिमेंट अजून थोडे ओले असते. गांडूळखताच्या खड्ड्याशी थांबून एक सदस्य वाकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "गांडुळे कुठे आहेत?" वनस्पतिशास्त्राच्या मॅडम शांतपणे सांगतात, "सर, ती खोल जातात." काल संध्याकाळी ती पिशवीतून आली, हे त्या सांगत नाहीत, कारण ते विचारलेले नसते. प्रत्येक गोष्टीचा फोटो जिओटॅग केलेला असतो, अक्षांश-रेखांशासकट. वृक्षारोपणाच्या फोटोत रोपटे एक, त्याला हात लावणारे अकरा आणि मागे गेल्या वर्षीचा खड्डा.

दुपारी जेवण. टीमचे सदस्य बाहेरच्या राज्यांतून येतात, बहुधा एखादे दक्षिणेकडचे असतात. त्यांच्या ताटात सांबारवडी वाढली जाते. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. ज्यांच्या घरी सांबार वाटीत येते ते गृहस्थ वडी एका बाजूला सारून नम्रपणे वाट पाहत बसतात. वाढपी तीनदा येऊन विचारतो, "सर, सांबारवडी आनू?" सर तीनदा मान हलवतात. तीनदा वडीच येते. चौथ्या वेळी प्राचार्यांना उलगडा होतो आणि ते इंग्रजीत व्याख्यान देतात, की आमच्याकडे सांबार हिरवे असते. सात निकषांत बसवता येत नाही, पण दोन दिवसांतली ही एकच खरी शैक्षणिक देवाणघेवाण. चहाबरोबर वर्ध्याचा गोरस पाक येतो, तेव्हा शब्दांची गरजच उरत नाही.

या सगळ्यात एक उतरंड लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडात उमरावांच्या पाच पायऱ्या, तशा आपल्याकडेही पाचच: प्राचार्य, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचे. तिकडे 'सर' व्हायला राजाची तलवार खांद्याला लागावी लागते, इकडे वर्गात पाय ठेवला की पोरे 'सर' करून टाकतात, त्यामुळे वरवर सगळे पीअर. पण फायलींचे गठ्ठे तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण आणतो, ते पाहिले की पाचवी पायरी ओळखू येते. तासिका तत्त्वावरच्या सरांना तासाचे पैसे मिळतात, फायलीचे नाहीत. सादरीकरणात त्यांचे नाव 'टीम स्पिरिट' या स्लाइडवर असते, सामूहिक फोटोत, मागच्या रांगेत, अर्धे.

टीमला फायलींत सगळ्यांत जास्त रस असतो तो संशोधनात, आणि तिथे पुन्हा हाच शब्द दबा धरून बसलेला असतो: 'पीअर रिव्ह्यूड जर्नल'. म्हणजे लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या बरोबरीच्या माणसाने तो तपासावा. त्यातही 'डबल ब्लाइंड' नावाचा उत्तम प्रकार असतो, लेखकाला परीक्षक दिसत नाही आणि परीक्षकाला लेखक. जो शब्द बारीक पाहण्याचा, त्याचीच दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर पट्टी. मराठीत या खेळाला आंधळी कोशिंबीर म्हणतात आणि तो आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत खेळतात.

या बरोबरीच्या प्रकरणात सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ती आइन्स्टाइनची. १९३६ साली, म्हणजे गांधीजी सेगावला राहायला आले त्याच वर्षी, त्यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला गुरुत्वीय लहरींवरचा लेख 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो नियमाप्रमाणे एका परीक्षकाकडे धाडला. आइन्स्टाइन भडकले. आम्ही लेख छापायला दिला होता, कोणाला दाखवायला नाही, अशा अर्थाचे पत्र लिहून त्यांनी तो परत घेतला. गंमत पुढे आहे. परीक्षकाचा आक्षेप बरोबर होता. लेखात चूक होती आणि पुढच्या वर्षी तो दुरुस्त होऊन दुसऱ्या नियतकालिकात आला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, प्रिन्स्टनचेच प्राध्यापक, म्हणजे आइन्स्टाइनच्या आळीतलेच. बरोबरीचा शोधायला जग पालथे घालावे आणि तो शेजारी निघावा. वर्ध्याकडे अशा वेळी "अबे, तू होय का!" म्हणतात आणि चहा सांगतात.

हाच शब्द आरोग्य खात्यात गेला तर कपडे बदलतो. केंद्र सरकारने २०१४ साली दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात गावातलीच समवयस्क मुले-मुली बाकीच्यांशी आरोग्याच्या गोष्टी बोलणार, म्हणून त्यांना नाव दिले 'पीअर एज्युकेटर'. हे गावात चालणार नाही हे कोणाच्या तरी वेळीच लक्षात आले असावे. मग नाव झाले 'साथिया'. पीरापेक्षा बरे, पण आशाताईने भर अंगणात "तुमच्या घरचा साथिया कुठं गेला?" असे विचारल्यावर ज्या आजीने फक्त सिनेमाची गाणी ऐकली आहेत, तिला नातवाच्या लग्नाची काळजी लागणारच.

'पीअर प्रेशर' हा पालकसभेतला लाडका शब्द. सोबतच्या मुलाकडे अमुक बूट, म्हणून आपल्याला तमुक. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ पासून यावर आपला उपाय चालवला आहे. पहिल्या वर्षाची मुले सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहतात, सूत कातायला शिकतात, श्रमदान करतात आणि खादी घालतात. सगळ्यांच्याच अंगावर खादी असल्यावर दबाव आणायचा तो कोणी आणि कशाचा? तरी तरुण मंडळी हार मानत नाहीत. कोणाची खादी जास्त चुरगळलेली, यावरून स्पर्धा लागू शकते.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, तिथे बरोबरीची आणखी कठीण परीक्षा आहे. तिथल्या भगिनींचा कारभार सर्वसहमतीने चालतो. बहुमत नाही, सर्वमत. एका जरी भगिनीला पटले नाही तरी थांबायचे. अशा पद्धतीने एखाद्या कॉलेजची प्राध्यापकसभा चालवून पाहिली, तर चहा साखरेचा की बिनसाखरेचा या पहिल्याच विषयावर शैक्षणिक वर्ष संपेल.

हिंदी शिकवणाऱ्या सरांची अडचण आणखी निराळी. वर्धा हे हिंदीचेही मोठे ठाणे. १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे, पुढे हिंदी विद्यापीठही इथेच. हिंदीत 'पीर' म्हणजे वेदना. त्यामुळे शिपायाच्या तोंडची 'पीर टीम' ऐकून त्यांना भाषांतराची गरजच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपाची बैठक होते. अहवालाची प्रत हातात पडते, टाळ्या वाजतात, गाड्या निघतात. तासाभरात भाड्याच्या कुंड्या रोपवाटिकेच्या टेम्पोत चढतात. फ्लेक्स उतरतो आणि सायकल स्टँडच्या गळक्या पत्र्यावर जातो, 'हार्दिक स्वागत' आता पावसाचे. श्रेणी नंतर येते, संगणकावर, कधीही. ती येईल या आशेने प्राचार्यांच्या खोलीत रोज चार-पाच जण प्राचार्यांच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत उभे असतात. त्या खोलीत त्या वेळी कोणी वर नाही, कोणी खाली नाही. तासिका तत्त्वावरच्या सरांची हनुवटी प्राचार्यांच्या खांद्यावर टेकलेली असते आणि दोघांनाही त्याचे भान नसते.

एक दिवस पडद्यावर अक्षर उमटते. खोलीत गलका होतो. शिपाई दारातून मान आत घालतो.

"मंग सर? पावला का पीर?"

"बी प्लस प्लस," प्राचार्य सांगतात.

शिपाई हातातला नारळ एकदा कानाशी हलवून पाहतो. स्वागताच्या वेळी उरलेला, सत्काराच्या हिशेबात न बसलेला.

"म्हंजे फोडू, का गिरडले नेऊ?"